बटण एनवर होतं, मग ड्रोन सरकला का?

धायरीहून एका गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "सेकंडहँड मिनी ड्रोन घेतला आहे. रिमोटवर सी, एन, एस असं तीन टप्प्यांचं बटण आहे. गच्चीवरून उडवला, दोन मिनिटं जागच्या जागी मस्त उभा राहिला. थोडा पुढे नेला तर स्क्रीनवर अ‍ॅटी मोड असं काहीतरी आलं आणि तो शेजारच्या बिल्डिंगकडे सरकायला लागला. बटण एनवरच होतं, मी हातही लावला नव्हता. कसाबसा उतरवला. हे मोड नेमके किती असतात, मी कोणत्या मोडमध्ये शिकावं, आणि पुढेमागे सर्व्हे किंवा फवारणीचं काम घ्यायचं झालं तर कोणता मोड यायला हवा?"

मोड किती, हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. ती यादी पाठ करून फार काही हाती लागत नाही. तुमच्या प्रश्नातलं कळीचं वाक्य आहे "मी हातही लावला नव्हता". मी पुण्यात राहून ड्रोनने जमिनीचे सर्व्हे करते आणि शनिवार-रविवार शिकवते. नवशिक्याचा ड्रोन हातचा गेला की नंतर बहुतेक वेळा हेच वाक्य ऐकू येतं. बटण एका जागी, ड्रोन भलत्याच अवस्थेत, आणि माणूस मान खाली घालून बटणाकडे बघतोय.

गोंधळाचं मूळ शब्दात आहे. 'मोड' या एका शब्दाने आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना हाक मारतो. पहिली गोष्ट म्हणजे रिमोटच्या कोणत्या स्टिकला काय जोडलंय ते. त्याला मोड १, मोड २ म्हणतात. आपल्याकडे सर्रास मोड २ चालतो: डाव्या हातात वर-खाली आणि तोंड फिरवणं, उजव्या हातात पुढे-मागे-डावी-उजवी. सेकंडहँड घेतलाय म्हणून एवढं एकदा सेटिंगमध्ये बघून घ्या, आधीच्या मालकाने बदललेलं असू शकतं. मग हा विषय विसरून जा.

दुसरी गोष्ट म्हणजे चाल. तुमच्या रिमोटवरचं सी-एन-एस (सिने, नॉर्मल, स्पोर्ट) बटण फक्त चाल बदलतं. डीजेआय कंपनीच्या मिनी २ चं उदाहरण घ्या: सी मध्ये जास्तीत जास्त वेग सेकंदाला ६ मीटर, एन मध्ये १०, एस मध्ये १६. सी मध्ये स्टिक मऊ होते, ड्रोन हळू वळतो, हळू थांबतो, म्हणून व्हिडिओ सुरेख येतो. एस मध्ये तो जास्त झुकतो आणि पळतो. पण तिन्ही चालींत ड्रोन स्वतःला जागेवर धरून ठेवतो ते एकाच पद्धतीने.

ती धरून ठेवण्याची पद्धत ही तिसरी गोष्ट. मी शिकवताना तिला 'आधार' म्हणते. ड्रोन आत्ता कशाच्या आधाराने उभा आहे? याला तुमच्या रिमोटवर बटणच नाही. तो आधार ड्रोन स्वतः ठरवतो, आणि सुटला तर स्वतःच खालच्या पायरीवर उतरतो. तुमच्या गच्चीवर तेच झालं. चाल एनच राहिली, आधार गेला.

आता हा आधार आत कसा उभा असतो ते सांगते, कारण एकदा हे कळलं की कोणत्याही कंपनीच्या मोडचं नाव वाचून अंदाज येतो. ड्रोनच्या डोक्यात एकाच्या हाताखाली एक असे चार कारभारी आहेत असं समजा. सगळ्यात खालचा फक्त एवढंच बघतो की ड्रोन किती वेगाने गरगरतोय. तो जायरो नावाच्या, फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर चालतो आणि सेकंदाला शेकडो वेळा, काही रेसिंग ड्रोनमध्ये हजारो वेळा, मोटरींना कमी-जास्त करत असतो. हा झोपला तर ड्रोन पडलाच. त्याच्या वरचा बघतो की ड्रोन किती कलला आहे आणि त्याला सपाट करतो. तिसरा उंची सांभाळतो, मुख्यतः बॅरोमीटरवर, म्हणजे हवेच्या दाबावर. सगळ्यात वरचा जागा सांभाळतो: जीपीएस आणि त्याच्या जोडीचे उपग्रह, पोटाखालचा कॅमेरा, आणि दिशेसाठी होकायंत्र.

चौघेही कामावर असले की त्याला पोझिशन मोड, जीपीएस मोड, लॉइटर असं काहीही म्हणतात. तुम्ही स्टिक सोडता, ड्रोन ब्रेक मारतो आणि उभा राहतो. वारा आला तर वाऱ्याकडे कलून जागा धरतो. वरचा कारभारी सुट्टीवर गेला की उरतो अ‍ॅटी, म्हणजे अ‍ॅटिट्यूड, नुसता कल सांभाळणं. तेव्हा ड्रोन सपाट राहतो, उंचीही बऱ्यापैकी राखतो, पण आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. स्टिक सोडली तर सपाट होतो एवढंच. गती उरलेली असते, वारा असतो, आणि थांब म्हणणारं कुणी नसतं. तिसराही गेला तर उंची तुमच्या अंगठ्यावर येते. अर्डुपायलट नावाच्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या, ड्रोन-सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्टॅबिलाइझ म्हणतात, तर उंची राखणाऱ्या मोडला ऑल्टहोल्ड. आणि दुसराही काढला की राहतो अ‍ॅक्रो, ज्यात ड्रोन स्वतःहून सपाटसुद्धा होत नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दाखवणारा गॉगल लावून कोलांट्या मारणारी पोरं उडवतात तो हा. पायरी एक-एक उतरत गेलं की काम मशीनकडून तुमच्याकडे येतं, एवढाच सगळ्या नावांचा अर्थ.

मग तुमच्या गच्चीवर वरचा कारभारी का गेला? तुमचा ड्रोन, ती सोसायटी, उपग्रहांची त्या वेळची संख्या मी पाहिलेली नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण "दोन मिनिटं मस्त उभा राहिला, पुढे नेल्यावर सरकला" हे वाचल्यावर मला एकच चित्र दिसतं: कठडा. गच्चीवर दीड-दोन मीटरवर उभा असताना त्याच्या पोटाखालचा कॅमेरा फरशी बघत होता. फरशीचे सांधे, डाग, वाळत घातलेले पापड, जे काही असेल त्यावर नजर ठेवून तो जागा धरून होता. या कॅमेऱ्याला नीट जागा धरता येते ती साधारण दहा मीटर उंचीपर्यंत, तीही पुरेसा उजेड आणि खाली काही नक्षी असेल तर. तुम्ही कठडा ओलांडलात आणि एका क्षणात त्याच्या खालची जमीन दोन मीटरवरून कित्येक मजले खाली गेली. नजर सुटली. आता भिस्त फक्त जीपीएसवर, आणि ते अजून पक्कं झालं नव्हतं किंवा आजूबाजूच्या उंच इमारतींनी अर्धं आभाळ झाकलं होतं. दोन्ही आधार एकदम गेले. म्हणजे त्याआधीची दोन मिनिटं फसवी होती. तो जीपीएसवर उभाच नव्हता.

दुसरी शक्यता होकायंत्राची. गच्ची म्हणजे आरसीसी स्लॅब, आत लोखंडी सळ्यांची जाळी, शिवाय पाण्याच्या टाकीचा अँगल आणि कधी शेजारी मोबाइलचा टॉवर. ड्रोनचं होकायंत्र शेवटी चुंबकाच्या सुईसारखंच. जीपीएस म्हणतं, "तू एक मीटर पूर्वेला सरकलास." आता पश्चिमेला यायचं तर आपलं तोंड कुठे आहे हे ठाऊक हवं. होकायंत्र तीस-चाळीस अंश चुकीचं सांगत असेल तर दुरुस्ती भलत्या दिशेला होते, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती होते, आणि ड्रोन मोरीच्या भोकाभोवती पाणी फिरावं तसा वाढत्या गोलात फिरायला लागतो. एकदा एका शाळेच्या सिमेंटच्या स्टेजवरून विद्यार्थ्याला टेकऑफ करू दिला आणि हा गोल मी स्वतः पाहिला. चूक माझीच, मैदान दहा पावलांवर होतं. तुमचा ड्रोन गोल न फिरता एका बाजूला सरळ सरकला असेल तर मी कठड्यावर पैज लावीन.

म्हणून तूर्त गच्ची बंद. अगदीच करायचं झालं तर ड्रोन जमिनीवर न ठेवता लाकडी स्टुलावर ठेवा, आणि होकायंत्र कॅलिब्रेट करायचं, म्हणजे नव्याने जुळवून घ्यायचं, ते मोकळ्या मैदानात, गच्चीवर कधीच नाही. सुरू केल्यावर घाई करू नका. अ‍ॅप "होम पॉइंट (म्हणजे परत यायची जागा) नोंदवला" असं सांगेपर्यंत ड्रोन खालीच राहू दे. सेकंडहँड ड्रोन बरेच दिवस बंद पडून असेल तर पहिल्या वेळी उपग्रह सापडायला जास्त वेळ लागतो, मग चहा घ्या, पण थांबा. हवेत गेल्यावर होम पॉइंट नोंदवला गेला तर तो तिथलाच नोंदवला जातो, आणि "घरी ये" म्हटल्यावर ड्रोन तुमच्या गच्चीवर न येता समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरेल.

आता हवेत असताना अ‍ॅटी आलाच तर काय करायचं. पहिलं म्हणजे स्क्रीनवरून नजर काढा आणि ड्रोनकडे बघा. हे वाटतं तितकं सोपं नाही. घाबरलेला माणूस स्क्रीनला चिकटतो. दुसरं, घरी-ये चं बटण दाबून उपयोग नाही. घर कुठे आहे हे सांगणाराच गेलाय. तिसरं, दोन्ही स्टिक खाली ओढून आतल्या किंवा बाहेरच्या कोपऱ्यात नेण्याचा मोह आवरा. अनेक मॉडेलमध्ये त्या खुणेने मोटरी हवेतच बंद पडू शकतात.

करायचं ते असं. ड्रोन ज्या दिशेला सरकतोय त्याच्या उलट हलकासा दाब द्या, झटका नको. अ‍ॅटीमध्ये उलट दाब काढला की तो लगेच थांबत नाही, म्हणून सारखं थोडं-थोडं देत राहावं लागतं, जत्रेतल्या होडीत तोल सांभाळतो तसं. तोंड कुठे आहे कळत नसेल तर स्टिक जराशी पुढे करून बघा, ज्या बाजूला जातो ते तोंड. मग शेपूट आपल्याकडे फिरवा, म्हणजे डावं-उजवं सरळ होतं. आणि भिंती जवळ असतील तर थोडं वर जा. वर मोकळं आभाळ दिसलं की उपग्रह परत सापडतात आणि बऱ्याचदा वरचा कारभारी आपणहून कामावर रुजू होतो. खाली इमारतींच्या खोबणीत उतरायचा प्रयत्न केलात तर आभाळ आणखी झाकलं जाईल आणि भिंतींवरून वळलेला वारा वेगळाच. किती सरकतो याचा अंदाज हवा तर: वारा सेकंदाला ५ मीटर असेल, म्हणजे झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलताहेत एवढाच, तर मोकळा सोडलेला ड्रोन काही क्षणांत त्याच वेगाने वाहायला लागतो. दहा सेकंद तुम्ही अ‍ॅपमध्ये सूचना वाचत बसलात तर तो पन्नास मीटर दूर.

शिकावं कोणत्या मोडमध्ये? इथे आमच्या धंद्यातही दोन मतं आहेत. एक म्हणतात, आजकालचे ड्रोन इतके हुशार आहेत की एन मोड पुरे. माझं मत स्पष्ट वेगळं आहे: उडवायचं वरच्या पायरीवर, पण हात त्याच्या खालच्या पायरीवर तयार हवा. म्हणजे काम एनमध्ये, सराव अ‍ॅटीत. अडचण अशी की तुमच्या मिनीला अ‍ॅटीचं बटणच नाही. जीपीएसवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा वगैरे उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यांच्या नादी लागू नका. त्यापेक्षा खेळण्यातला एखादा स्वस्त ड्रोन घ्या, ज्यात फक्त उंची राखायची सोय असते आणि जीपीएस नसतं. तो म्हणजे जन्मजात अ‍ॅटीच. एखाद्या रिकाम्या मंगल कार्यालयाचा हॉल ओळखीने मिळाला तर उत्तम, नाहीतर हिवाळ्यात सकाळी सातला मैदानात, जेव्हा वारा झोपलेला असतो. संगणकावरचा सिम्युलेटरही चांगला, त्यात पडण्याची भीती नाही, पण भीती नाही म्हणूनच तो अपुरा.

त्यावर पहिल्या आठवड्यात फक्त उभं राहायला शिका. शेपूट तुमच्याकडे करून एक मिनिट. मग कुशीवर, डावी कूस, उजवी कूस. मग तोंड तुमच्याकडे करून, जिथे डावं-उजवं उलटं होतं. इथेच सगळे अडकतात. तोंडासमोर उभा केलेला ड्रोन एक मिनिटभर दोन हात जागेत धरता आला की निम्मं शिक्षण झालं. मग चौकोन, आणि मग आठचा आकडा. इंग्रजी आठ हं. एका नव्या विद्यार्थ्याला मी नुसतं "आठ काढ" म्हटलं, तर त्याने मनापासून मराठी आठ काढला आणि शेपूट ओढत थेट गवतात गेला. खेळण्यातल्या ड्रोनवर 'हेडलेस' नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की तोंड कुठेही असलं तरी पुढे म्हणजे तुमच्यापासून लांब. त्याला हात लावू नका. जे शिकायचंय नेमकं तेच ते चुकवून देतं.

एस मोडबद्दल. मोह होतो, कळतं मला. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अडथळे ओळखणारे सेन्सर ज्या मॉडेलना असतात, त्यांतल्या बहुतेकांचे ते एसमध्ये बंद होतात. मिनी २ सारख्याला तर समोरचं मुळात दिसतच नाही, त्याला डोळे फक्त पोटाखाली. थांबायला लागणारं अंतर वाढतं, वारा नसतानाही तीस मीटर मोकळे ठेवा असं बऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकाच सांगतात. आणि बॅटरी भराभर उतरते. तरीही एस मोड एका वेळी कामाला येतो, आणि ती वेळ पुण्यात दरवर्षी येते. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून येतो. माणूस ड्रोन वाऱ्याबरोबर पूर्वेला सोडतो, जाताना तो छान पळतो, आणि परत फिरवला की जागेवर थिजतो. एन मध्ये मिनी २ एरवी पंचवीस अंशांपर्यंत झुकतो, एस मध्ये चाळीस. समोरून वारा असेल तेव्हा तो जास्तीचा झुकाव म्हणजेच परत येण्याची ताकद. अशा वेळी आधी उंची कमी करा, कारण खाली वारा कमी असतो, मग एस. याहून बरं म्हणजे आधीच वाऱ्याच्या तोंडावर पश्चिमेला जा आणि भरल्या बॅटरीत कष्टाचं काम उरकून वाऱ्याबरोबर परत या. एप्रिल-मे मध्ये दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं की मात्र कुठलाच मोड नको, ड्रोन बॅगेत. पावसाआधी सुटणारं वारं दोन मिनिटांत दुप्पट होतं.

घरी-ये, म्हणजे आरटीएच किंवा आरटीएल, हाही मोडच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी समजून घेतलेला. तो तीन प्रसंगी सुरू होतो: तुम्ही बटण दाबलंत, बॅटरी उतरली, किंवा रिमोटचा संपर्क तुटला. तुटल्यावर परत ये, जागेवर उभा राहा किंवा उतर, यांतलं काय करायचं ते आधी निवडून ठेवता येतं. इमारतींच्या मध्ये, पुलाखाली किंवा मोठ्या झाडाखाली असाल तर "परत ये" हा पर्याय घातक, कारण परतण्याआधी ड्रोन ठरलेल्या उंचीवर सरळ वर चढतो. वडाखाली उडवत असाल तर तो वडात चढणार.

आणि ती उंची कुठून मोजतात? टेकऑफच्या जागेपासून. बॅरोमीटरला जमीन दिसत नाही, हवेचा दाब तेवढा कळतो; आठ-साडेआठ मीटर वर गेलं की दाब साधारण एक मिलिबारने उतरतो, त्यावरून तो हिशेब मांडतो. स्क्रीनवर ५० मीटर दिसतं ते तुम्ही उभे आहात तिथून ५०. वेल्ह्याकडे एका जमिनीच्या कामात मी दरीतून टेकऑफ केला, घरी-येची उंची ठेवली ६० मीटर, आणि ड्रोन डोंगराच्या सोंडेपलीकडे पाठवला. सोंड होती माझ्यापेक्षा शंभरेक मीटर उंच. जाताना मी हाताने वरून नेला होता, म्हणून काही वाटलं नाही. पलीकडे खाली उतरवल्यावर संपर्क तुटायला लागला तेव्हा लख्ख उजाडलं की आता तो आपणहून निघाला तर सरळ रेषेत डोंगराच्या पोटात येणार. धावत सोंडेच्या कडेला गेले, संपर्क परत आला, वाचला. तेव्हापासून ती उंची मी प्रत्येक जागी नव्याने टाकते. पाठ केलेला आकडा नाही. अर्डुपायलटमध्ये मूळ आकडा १५ मीटर येतो. आपल्याकडे नारळ आणि निलगिरीसुद्धा त्याहून उंच असतात.

पाण्यावर उडवताना एक वेगळाच घोळ होतो, मुळशीच्या धरणावर तुम्ही जाल तेव्हा आठवेल. पाण्याला नक्षी नसते, किंवा असते ती लाटांबरोबर पळत असते. पोटाखालचा कॅमेरा त्या लाटेला जमीन समजून तिच्यामागे जाऊ शकतो, आणि अगदी खाली असाल तर उंचीचाही अंदाज चुकतो. पाण्यापासून दीड मीटरवरचा सुंदर शॉट घेताना माझा ड्रोन हळूहळू बुडायला निघाला होता, स्टिकला हात नसताना. आता मी पाण्यावर पाच मीटरच्या खाली जात नाही, ग्राहक कितीही म्हणो.

आता तुमचा शेवटचा भाग, कामाचा. सर्व्हे आणि फवारणी दोन्हींत उडवणं असं फारसं उरत नाही, मशीन आखलेल्या रेघांवर स्वतः जातं. सर्व्हेत आम्ही नकाशावर चौकट काढतो, एका फोटोवर पुढचा फोटो सत्तर-ऐंशी टक्के चढेल असा हिशेब देतो, आणि ऑटो मोड चालू. फवारणीच्या ड्रोनमध्ये एबी नावाचा मोड असतो: शेताच्या एका टोकाला ए, दुसऱ्या टोकाला बी खूण करायची, की तो नांगराच्या तासासारखा रेघ-रेघ सरकत जातो. दहा लिटरची टाकी साधारण एकरभर पुरते. पिकापासूनची उंची तिथे बॅरोमीटरवर सोडत नाहीत, खाली रडार असतो, त्यामुळे शेताला उतार असला तरी तो पिकावर सारख्या उंचीने जातो. नमो ड्रोन दीदी योजनेमुळे बचत गटातल्या बायका हे शिकताहेत. माझ्याकडे येणाऱ्या ताईंचा हात बहुतेक पुरुषांपेक्षा हलका असतो, हे माझं निरीक्षण, वाद घालायचा असेल तर घाला.

पण ऑटो मोड म्हणजे सगळ्यात वरची पायरी, आणि तिथून पडलं तर सगळ्यात लांब पडतं. म्हणून ग्राहकाचं मशीन हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: काम चालू असताना जीपीएस गेलं तर हा काय करतो? उत्तर सगळीकडे सारखं नाही. तुमचा मिनी अ‍ॅटीत उतरून सूत्रं तुमच्या हाती देतो. अर्डुपायलटवरचं मशीन, मूळ सेटिंग तसंच असेल तर, आहे तिथे उतरायला लागतं, आणि उतरताना वाऱ्याबरोबर सरकतं. खाली विहीर असली तर विहिरीत. तिथे तुम्हाला वेळेवर ऑल्टहोल्डवर घेऊन हाताने बाजूला काढता आलं पाहिजे. त्यासाठी त्याच्या रिमोटवर तसं बटण आधी नेमून ठेवलेलं हवं, आणि अंगठ्याला सवय. औषधाने भरलेली टाकी असते तेव्हा मशीन जड असतं, आतलं पाणी हिंदकळतं, रिकामं झालं की तेच मशीन उड्या मारतं. आणि शेतात मोटरीला गेलेली बारीक वायर कुठल्याही सेन्सरला दिसेल अशी आशा धरू नका. आधी बांधावरून चालत जाऊन वायरी बघायच्या. हे काम कुठल्याच मोडमध्ये नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण धायरी वाचलं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती मर्यादा २०० फूट, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन, म्हणजे परवानगी लागणारा. लोहगावचा विमानतळ, खडकवासल्याची एनडीए, लष्कराच्या इतर जागा, यांमुळे पुण्यात मोकळं आभाळ दिसतं तेवढं मोकळं नसतं. शहरात पोलिसांचे बंदीचे आदेशही अधूनमधून निघतात. त्यामुळे आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा, मग स्थानिक पोलीस ठाणे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण पैसे घेऊन फवारणी किंवा सर्व्हे करायला मोठं मशीन हातात घेतलंत की लागतं. आम्ही सरावाला सासवडच्या पुढे ओळखीच्यांच्या पडीक रानात जातो. नकाशा पाहून, मालकाला विचारून.

तुमचा अंदाज पक्का करायचा असेल तर एक काम करा. अ‍ॅपमध्ये त्या उड्डाणाची नोंद असेल, ती उघडून अ‍ॅटी आला त्या सेकंदाला उपग्रहांचा आकडा किती होता आणि तुम्ही कठड्याच्या आत होतात की बाहेर ते बघा. आकडा आधीपासूनच कमी असेल तर कठडा. आकडा चांगला असूनही आधार सुटला असेल तर होकायंत्र किंवा आधीच्या मालकाने कधीतरी आपटलेला ड्रोन. तसं असेल तर पुढचं उड्डाण करण्याआधी तो दुरुस्तीवाल्याला दाखवा.